कल्याणला उतरवलेल्या बायका

६ जानेवारी १८९८, गुरुवार

आमची गाडी एव्हाना कसाऱ्याचा घाट चढून गेली असेल. मी मात्र कल्याण स्टेशनापासून दोन शेते आत, बांबूच्या चटयांच्या एका लांबट खोपटात बसून हे लिहिते आहे. मिसबाईंनी मला इंग्रजीत रोजनिशी ठेवायला सांगितले आहे, मिशनच्या मासिकासाठी. ती वेगळी. ही माझी.

सकाळी ठाण्याला बाबा गाडीवर आले होते. खिडकीतून हात घालून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि मिसबाईंना म्हणाले, "आमच्या घरातली ही पहिली बी.ए. तुमच्या हवाली करतो." मिसबाई म्हणाल्या, मंदाकिनी मला मुलीसारखी आहे.

गेल्या जूनच्या भूकंपात आसामच्या डोंगरांतली मिशनची घरे, शाळा, प्रार्थनामंदिरे, सगळे एका मिनिटात पडले. माणसे अजून गवताच्या झोपड्यांत आहेत आणि आता थंडी आहे. तिथल्या मुलींच्या शाळेला बाई हवी होती. मी स्वतःहून नाव दिले. ठाण्याच्या बायकांनी जुन्या लुगड्यांच्या साठ गोधड्या शिवून दिल्या, त्याही आमच्याबरोबर होत्या.

कल्याणला प्लेगची तपासणी झाली. मुंबई-ठाण्याला प्लेग आहे, म्हणून तिथून आलेल्यांना दहा दिवस छावणीत ठेवतात. मिसबाई माझ्याच घरी तीन दिवस राहिल्या होत्या, माझ्याच डब्यात बसल्या होत्या. त्यांच्याजवळ साहेबांची चिठ्ठी होती. त्या माझ्यासाठी खूप बोलल्या, पण गाडी सुटायची वेळ झाली होती. गोधड्यांना गंधकाची धुरी देऊन पुढे जाऊ दिले. मिसबाई म्हणाल्या, "तू दहा दिवसांनी ये. धीर धर." त्यांना किती वाईट वाटले असेल.

७ जानेवारी

या खोपटात आम्ही एकतीस बायका आहोत. पुरुषांचे खोपट पलीकडे, मधे काटेरी कुंपण. त्याहून लांब, आंब्याच्या झाडांखाली प्लेगचे इस्पितळ. तिकडे कोणी बघत नाही.

नियम असा की कोणाला ताप निघाला तर तिला इस्पितळात न्यायचे आणि राहिलेल्यांचे दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. त्यामुळे जिला शिंक येते ती पदर तोंडात कोंबते.

माझ्या डाव्या हाताला रखमाबाई. मुंबईला गिरणीत होती, गावी चालली होती. तिचे गाव टिटवाळ्याच्या अलीकडे.

"तीन कोस हाय इथून," ती म्हणाली. "चालत सुटले तर भाकरीच्या वक्ताला घरात. तुजं कुठं?"

मी आसाम सांगितले. भूकंपाचे, गोधड्यांचे सांगितले.

"म्हंजे तिकडं घरं पडली म्हून तू चालली," ती म्हणाली, "आनि आमी उभ्या घरातनं हितं येऊन पडलो, त्येचं काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

टोकाला एक ब्राह्मण विधवा आहेत, रंगूबाई, नौपाड्याच्या. लाल आलवण, हातात जपमाळ. त्यांनी आपल्या जागेभोवती कोळशाने रेघ ओढली आहे. इगतपुरीला त्यांची एकुलती एक लेक आहे, जावई रेल्वेत कारकून. पहिलटकरीण, नववा लागलेला, घरात दुसरे बाईमाणूस नाही. त्यांचे भाऊ सोबत आहेत, पुरुषांच्या खोपटात. ते सकाळ-संध्याकाळ विहिरीचे पाणी स्वतः शेंदून कुंपणाशी आणून देतात. रंगूबाई तेवढेच पितात.

"दहा दिवस म्हणजे सोळा तारीख," त्या कोणालाच उद्देशून नसल्यासारख्या म्हणाल्या. "सोळाला निघाले तरी गाठते."

८ जानेवारी

आज मला काम मिळाले. छावणीचे हॉस्पिटल असिस्टंट त्र्यंबकराव म्हणून आहेत. रोज सगळ्यांचा ताप बघायचा असा हुकूम आहे आणि बायका त्यांना जवळ येऊ देत नाहीत. ते दाराबाहेरून म्हणाले, "बी.ए. झालेल्या बाई कोण त्या? मग आकडे वाचता येतील ना?"

त्यांनी मला थर्मामीटर दिला आणि शिकवले. आधी झटकून पारा खाली आणायचा, मग जिभेखाली तीन मिनिटे. एकदा चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही, म्हणून सावकाश वाचले तरी चालते. एकीचे झाले की औषधाच्या पाण्यात बुडवून पुसायचा. रजिस्टरात नावे नाहीत, नंबर आहेत. माझा सात, रंगूबाईंचा अकरा.

"काम नीट झालं तर साहेबांकडून तुमची चिठ्ठी मिळवतो," त्र्यंबकराव म्हणाले. "दहा दिवस भरायला नकोत."

मी म्हटले, मी चिठ्ठीसाठी करत नाही. ते म्हणाले, "नका करू. तरी मिळवतो."

आज तीस जणींचा ताप घेतला. सगळ्या ठीक. रंगूबाईंनी तोंड फिरवले.

९ जानेवारी, रविवार

सकाळी मी शुभवर्तमानातला एक उतारा मोठ्याने वाचला. चार-पाच जणी ऐकत होत्या असे वाटले. संपल्यावर एकीने विचारले, "झालं? आता काच लावायची का?"

रखमा म्हणाली, "बीएबाय, तुज्या देवाला सांग, फाटक उघड. मग बसते आयकत दिसभर."

इंग्रजी रोजनिशीत लिहिले की बायकांनी वचन आवडीने ऐकले. ते अगदी खोटे नाही.

१० जानेवारी

त्र्यंबकरावांनी दाराशी येऊन बजावले की अकरा नंबर ताप मोजू देत नसेल तर साहेब स्वतः येऊन मोजतील. तेव्हा रंगूबाईंनी मला हाक मारली. "अगं ए, मिशनच्या."

मी रेघेबाहेर उभी राहिले.

"ती काच इतक्या जणींच्या तोंडातली. उष्टी. तुझ्या हातची."

"औषधाने स्वच्छ करते, काकू."

"स्वच्छ वेगळं नि शुद्ध वेगळं. तू ती रेघेवर ठेव. मी माझ्या पाण्याने धुऊन घेईन, मी तोंडात धरीन, मी परत ठेवीन. तू पाठ कर. आणि काकू म्हणू नकोस."

मी सगळे मान्य केले. माणसाच्या समजुतीला धक्का न लावता काम करता आले तर का करू नये? पाठ करून तीन मिनिटे मोजली. अठ्ठ्याण्णव.

नंतर त्यांनी विचारले, "तुझा बाप मूळचा कोण?" मी सांगितले की बाबाही ब्राह्मणच, वयाच्या विसाव्या वर्षी ख्रिस्ती झाले, माझा जन्म त्यानंतरचा. त्या बराच वेळ माळ ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुला काहीच ठाऊक नाही."

मी थोडी रागावले. ठाऊक नाही हेच बरे, असे मनात आले.

१२ जानेवारी, बुधवार

आज वाईट दिवस.

संक्रांत होती. भाऊंनी शिपायाला विनवून चूल मांडली आणि बहिणीसाठी कढत पाणी कुंपणावरून दिले. रंगूबाईंनी पडद्याआड तीळ लावून अंघोळ केली. येऊन बसल्या तेव्हा चेहरा प्रसन्न होता. मला म्हणाल्या, "आण ती तुझी काच, आज लवकर उरकू." तांब्यात थोडे पाणी उरले होते, त्यातून वाफ येत होती. मी पारा झटकून काच रेघेवर ठेवली, पाठ केली, तीन मिनिटे मोजली.

एकशेचार.

मी दोनदा वाचले. त्यांच्याकडे पाहिले तर चेहरा लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब, डोळे पाणावलेले. प्लेगच्या तापात डोळे असेच होतात असे त्र्यंबकरावांनी सांगितले होते.

"मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

मी रजिस्टर हातात धरून उभी राहिले. लिहिले नाही तर? इगतपुरीला बाळंतीण होणारी मुलगी आहे, तिच्या घरात हा आजार जाईल. लिहिले तर तीस जणींचे दहा दिवस. दोन्ही बाजूंनी विचार केला आणि एकच उत्तर आले, की जे दिसले ते लिहायचे. मी लिहिले. आकडा स्वच्छ आला.

त्र्यंबकरावांनी दारातून पाहिले आणि डोली मागवली. रंगूबाई ओरडल्या नाहीत. डोलीत बसताना एवढेच म्हणाल्या, "अगं, मी सांगतेय ना तुला."

पलीकडे भाऊ कुंपणाच्या काट्याला हात धरून उभे होते.

१३ जानेवारी

पहिला दिवस. सगळ्यांचा, पुन्हा.

माझ्याशी कोणी बोलत नाही. माझी चटई कोणीतरी दाराच्या वाऱ्यात नेऊन टाकली होती. मी तशीच तिथे झोपले. सत्य सांगणाऱ्याला हे सोसावेच लागते असे मनाला समजावले, आणि समजावताना मला माझीच थोडी लाज वाटली. का ते कळले नाही.

संध्याकाळी रखमाने भाकरीचा तुकडा माझ्याकडे सरकवला. "खा. तू मेलीस तर आनि धा दिस."

१४ जानेवारी

दोन कागद आले. एक मिसबाईंचे पत्र. वीस तारखेला कलकत्त्याहून मंडळी आगबोटीने आसामला निघणार. तोवर मी पोचले तर उत्तम, नाही तर तिथलीच एक मिस तयार आहे. गोधड्या सुखरूप आहेत. माझी प्रकृती कशी आहे ते विचारायचे राहिले असावे, पत्र घाईत लिहिलेले दिसते.

दुसरी साहेबांची चिठ्ठी. नंबर सात, मिशनची नोकर, सोडण्यास हरकत नाही. उद्या दुपारची गाडी.

मला आनंद झाला, हे लपवत नाही. सामान बांधायला घेतले. रखमा पाहत होती.

"चालली?"

"हो."

"मंग जाताना ती काच माज्याकडं दे. मी मोजते सगळ्यांचं. ऊन पान्यात बुचकळते आनि सगळ्यांना धाडते घरला."

"ऊन पाण्यात का?"

"म्हातारीनं न्हाय का बुचकळली. परवा तांब्यात घातली, चांगली चूळ भरेस्तोवर ठेवली, मंग तोंडात. मी म्हनलं, हिला हाय तरी किती सोवळं. तुज्या पाठीमागंच तर."

मी खाली बसले.

तांब्यातून वाफ येत होती. ते मीच इथे लिहिले आहे. चेहरा अंघोळीने लाल होता. पारा झटकल्याशिवाय उतरत नाही हे मला शिकवलेले होते. रोज गार पाण्याने धुतलेली काच चुकत नव्हती, कारण गार पाण्याने पारा चढत नाही. एवढे समजायला बी.ए. व्हायला नको.

१५ जानेवारी, शनिवार

सकाळीच त्र्यंबकरावांना सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"तिला तिथेही रोज मोजताहेत," ते म्हणाले. "अठ्ठ्याण्णवच आहे. मला वाटलं, उतरला."

"मग सोडा त्यांना."

"बाई, तिला ताप होता की नव्हता, हा प्रश्न आता राहिला नाही. तीन दिवस ती त्या वॉर्डात आहे. शेजारच्या दोघी गेल्या. आता तिला बाहेर कोण काढणार? आजपासून दहा दिवस."

"मग या बायकांचे दिवस तरी जुन्या तारखेपासून धरा."

"ते साहेबांच्या हातात. मंगळवारी येतील. तोवर तुम्ही कलकत्त्याला."

मी म्हटले, लिहून देते. तिथेच बसून लिहिले की चूक माझी, मोजताना मी पाठ केली होती, खोपटात ताप कोणालाच नाही. सही केली. त्यांनी वाचले. "खाली बी.ए. घाला," ते म्हणाले. "नाहीतर साहेब पुढे वाचायचा नाही."

मी घातले. ती दोन अक्षरे लिहिताना इतके जड कधी वाटले नव्हते.

उठताना मी विचारले, रंगूबाई कशा आहेत. त्यांनी माझा कागद रजिस्टरात ठेवला.

"आजार नाही. पण पाणी घेत नाही. पाणी भरणारा तिला चालत नाही. नर्स गोव्याची, ख्रिस्ती, तीही चालत नाही. जबरदस्तीने पाजायला गेलो तर दात आवळते. चौथा दिवस आज. मरायला प्लेगची गरजच पडायची नाही."

मी पुरुषांच्या कुंपणाशी गेले. भाऊ तिथेच होते, दाढी वाढलेली, हातात रिकामा तांब्या. मी कोणाची मुलगी आणि काय झाले ते सगळे सांगितले. मला वाटले ते शिव्या देतील. ते म्हणाले, "तुमच्या वडलांना हे ठाऊक असणार, सोवळ्यातली बाई न्हाऊन आल्यावर उष्टी काच कढत पाण्यात बुडवल्याशिवाय तोंडात घालणार नाही. त्यांनी तुम्हाला एवढंही सांगितलं नाही?"

"नाही."

"घर सोडतानाही माणूस किल्ली तरी जवळ ठेवतो."

मी विचारले, "माझ्या हातचं त्या काय घेतील? काहीही."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. "अखंड फळ," ते म्हणाले. "न कापलेलं, न सोललेलं. नारळ घेईल. करवंटी शाबूत असली की आतलं पाणी कोणाचं नसतं. पण फोडायचा तिने. तुम्ही हात लावायचा नाही."

चिठ्ठीवर मला फाटकाबाहेर जाता आले. स्टेशनाच्या रस्त्यावर एका हातगाडीवरून बारा नारळ घेतले, केळ्यांचा एक घड घेतला. परत येताना दुपारची गाडी फलाटावर उभी होती. डब्यांच्या खिडक्यांतून माणसे बाहेर पाहत होती. मी थांबले. खोटे लिहीत नाही, चांगली थांबले. नारळ नर्सच्या हाती देऊन गाडीत बसता आले असते. पण नर्सला रेघ कुठे ते ठाऊक नाही, आणि मला सगळे सांगून झाले होते, एका माणसाला सोडून.

इस्पितळाच्या फाटकावरचा शिपाई म्हणाला, "बाई, आत गेल्यावर ही चिठ्ठी चालायची नाही. आत गेलेल्यांचे दहा दिवस."

"ठाऊक आहे."

"नाव?"

मी सांगितले. त्याने लिहिले आणि मागे फाटकाला साखळी घातली.

१६ जानेवारी, रविवार

काल दिवस मावळायच्या आधी मी वॉर्डात आले. अकरा खाटा. दोन रिकाम्या आहेत आणि त्यांवर चुना टाकलेला आहे. पाच जणी बेशुद्ध आहेत. एक आईला हाक मारते, पण तिची आई कोण, कुठे, कोणाला माहीत नाही.

रंगूबाई खाटेवर नव्हत्या. खिडकीखाली जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ओठांना चिरा पडलेल्या. मी चार हातांवर नारळ ठेवला आणि मागे सरले.

त्यांनी डोळे उघडले. नारळ पाहिला, मग मला.

"तू फोडलास?"

"नाही. तुम्ही फोडायचा आहे."

उठून बसायला त्यांना फार वेळ लागला. मला धावून जावेसे वाटत होते आणि मी जागच्या जागी उभी राहिले. खिडकीच्या दगडी चौकटीवर त्यांनी नारळ आपटला. पहिल्या वेळी काही झाले नाही. दुसऱ्या वेळीही नाही. बाजूच्या खाटेवरची बाई विव्हळली. तिसऱ्यांदा तडा गेला आणि त्यांनी तो तसाच तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून आलवणावर सांडत होते. मग दुसरा. मग खोबरे, दातांनी ओरबाडून.

आज सकाळी केळे खाल्ले. नर्सला मी सांगितले आहे की साल काढून देऊ नये. तिने मला विचारले, तुम्ही या बाईच्या कोण?

दुपारी त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळपास बसले होते, त्यांना चालेल एवढ्या अंतरावर, आणि माझी चूक पहिल्यापासून सांगितली. तांब्या, वाफ, पारा, साहेबांसाठी लिहून दिलेला कागद. त्यांनी मधे काही विचारले नाही.

"इगतपुरीला एव्हाना काय ते झालं असेल," शेवटी म्हणाल्या. "एकटीनं."

मी मान खाली घातली. क्षमा मागावी असे तोंडावर आले होते. पण मागितली तर ती देणे न देणे त्यांच्या गळ्यात पडले असते. अजून काय काय मी त्यांच्या गळ्यात घालणार?

"मला काही झालं इथे, तर?" त्यांनी विचारले.

"मी इथेच आहे, दहा दिवस."

"ते विचारलं नाही." त्या माझ्या वहीकडे पाहत होत्या. "त्या कागदावर माझं नाव काय लिहिलंस?"

"नाव नाही. अकरा नंबर."

"आणि पुढे?"

"एकशेचार."

"तू तिकडे त्यांना लिहून दिलंस म्हणतेस. त्यात तरी नाव?"

मला आठवून पाहावे लागले. तिथेही मी अकरा नंबरच लिहिले होते.

"मग इथे लिही," त्या म्हणाल्या. "तुझ्या वहीत. मी इथून गेले नाही तर माझ्या लेकीला ही वही दाखवशील. तिला लोक सांगतील, तुझी आई ताप अंगात घेऊन तुझ्याकडे यायला निघाली होती. जन्मभर सांगतील."

मी लिहिले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवले. रंगूबाई सदाशिव आगाशे, राहणार नौपाडा, ठाणे. पौषातल्या संक्रांतीच्या दिवशी त्यांना ताप नव्हता.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचू लागले, तशी त्यांनी मला मधेच थांबवले. पलीकडच्या खाटांवर दोघी जाग्या होत्या, दाराशी नर्स होती, बाहेर शिपाई.

"मोठ्याने," रंगूबाई म्हणाल्या. "त्यांना ऐकू जाऊ दे."

मी उभी राहिले आणि मोठ्याने वाचले.